महाराजांची पाऊण तासाची समाधी

लॅबच्या दाराबाहेर अकरा जोड चपला! सर्जन, नर्सबाई, भांडारवाले काका, झाडून सगळे आत अनवाणी, माना खाली घालून उभे. मधोमध आमचे कॉम्प्युटर दुरुस्तीवाले, ज्यांना सगळं हॉस्पिटल 'महाराज' म्हणतं, लॅबच्या कॉम्प्युटरवर पंजा ठेवून डोळे मिटून बसलेले. पडद्यावर मळकं फडकं.

"लिनक्स कोपलंय," ते पुटपुटले. "पॅकेज उतरत नाही, म्हणजे इथं कुणाच्या तरी मनात शंका आहे. पाऊण तास बोलायचं नाही. पडद्याकडे पाहायचं तर मुळीच नाही!"

"यांनी हात ठेवला की उतरतंच," दारालगत उभे असलेले काका बाहेर माझ्या कानाशी कुजबुजले. "महिन्यात तीनदा पाहिलंय मी."

वीस वर्षं मी इथं रक्त तपासते. माझं टाळकंच सरकलं. सकाळी कॉम्प्युटरची डिस्क गेली, नवी बसवून तिच्यावर लिनक्स, म्हणजे कॉम्प्युटर चालवणारी प्रणाली, घातली. आता तपासणीच्या यंत्राला लागणारं एक पॅकेज, म्हणजे प्रोग्रामचा गठ्ठा, इंटरनेटवरून उतरवलं की काम सुरू. आणि बाहेर बाकावर एक आई बसली होती. तिच्या सहा वर्षांच्या मुलीचं अपेंडिक्स फुटायला आलेलं, आणि रक्ताचा रिपोर्ट आल्याशिवाय भूल देता येत नव्हती.

"ताई, झालं का हो?" तिनं तिसऱ्यांदा विचारलं.

तिला काय सांगू, आत समाधी लागलीय म्हणून? मी चपलांसकट आत घुसले आणि फडकं ओढलं.

"अहो बाई! सगळं वाया घालवलंत!" महाराज किंचाळले.

"सर, वाचा. मोठ्यानं," मी सर्जनना म्हटलं.

इंग्रजीत चक्क लिहिलं होतं, फाइलचा आकार यादीशी जुळत नाही. मिरर अद्ययावत होतोय का?

"मिरर म्हणजे मूळ साठ्याची नक्कल ठेवणारा दुसरा कॉम्प्युटर," मी म्हणाले. "मागच्या वेळी मी ही ओळ फडक्याआडून चोरून टिपली, घरी जाऊन शोधली. आपला मिरर रोज बाराला नवी नक्कल घेतो, त्याच्याच वेबपानावर वेळ दिलीय, आणि आत्ता बाराच वाजलेत. तेवढ्या वेळात फाइलींची यादी नवी आणि फाइल जुनीच, म्हणून कॉम्प्युटर ती नाकारतो. पाऊण तासात नक्कल पुरी होते. मग महाराजांनी हात ठेवला काय किंवा मांजर झोपवलं काय, पॅकेज उतरणारच!"

"म्हणजे पाऊण तास थांबायचं?" सर्जन.

"मुळीच नाही." मी या मिररचा पत्ता काढून दुसऱ्या मिररचा घातला, यादी ताजी केली, पुन्हा आज्ञा दिली. चार मिनिटांत पॅकेज आलं.

"तुम्हाला माहीत होतं?" मी महाराजांना विचारलं.

"होतं," ते पायाच्या अंगठ्याकडे बघत म्हणाले. "पण नुसता पत्ता बदलला असता तर मला कुणी विचारलं असतं का?"

रिपोर्ट गेला, मुलीला आत घेतलं, ती वाचली. माझा राग मात्र गेला नाही. महाराजांवर आहेच, पण आमच्यावर जास्त आहे. शिकलीसवरलेली अकरा माणसं, उत्तर समोर लिहिलेलं, आणि एकानंही फडकं उचललं नाही. मीसुद्धा तीनदा गप्प उभी राहिले. कुणी 'पाहू नका' म्हणालं की आधी पाहा, वाचा, विचारा. त्या तीन वेळी बाहेर बाकावर कोण बसलं होतं, हे मला आज आठवतही नाही.