आठ नंबरचे तीन सांधे

तिने भिंग डोळ्याशी धरलं, तिसरा सांधा चिमट्यात उचलला आणि खिडकीच्या उजेडाकडे वळवून पाहिला. काडी शाबूत होती. आधीच्या दोन सांध्यांमध्येही शाबूतच होती. तिने ओढणीच्या टोकाने भिंग पुसलं आणि पुन्हा पाहिलं. भिंगाचा काही दोष नव्हता.

सांधा म्हणजे बोटाच्या पेराएवढा प्लॅस्टिकचा तुकडा. लघवीसाठी आत घातलेला कॅथेटर आणि पिशवीकडे जाणारी नळी यांच्या मध्ये तो बसतो. भ्रमात असलेला पेशंट कधी कधी नळी ओढतो, आणि मग आत फुगवून ठेवलेला फुगा कोवळं मांस फाडत बाहेर येतो. हे ज्याने एकदा पाहिलं, त्याला पुढे चार दिवस जेवण जात नाही. तिने पाहिलं होतं, म्हणून तर हा सांधा. जोरात ओढला की आतली केसाएवढी काडी तुटते, सांधा सुटतो, त्याची दोन्ही तोंडं आपोआप बंद होतात आणि कॅथेटर जागच्या जागी राहतो. अडीच वर्षं खपली होती ती त्यापायी. दीड महिन्यापासून एका वॉर्डात चाचणी चालू होती आणि सांधा चौदा वेळा सुटला होता. चौदा माणसं वाचली, असं सगळे म्हणत होते.

पण काडी न तुटता सांधा सुटलाच कसा?

"काका, हे बघा जरा."

साचेवाल्या काकांनी चष्मा कपाळावर चढवला. सगळे साचे त्यांच्याच हातचे. त्यांनी सांधा दोन बोटांत फिरवला आणि लगेच परत ठेवला.

"ओढलेला नाही हा. फिरवून काढलाय. पाव फेरा उलटा, थोडं दाबायचं, मग बाहेर. आपण जोडताना चुकलो की काढतो ना, तसा."

"ते तर फक्त तुम्हाला आणि मला माहीत आहे."

"मग तिसरा शहाणा कोण निघाला ते शोध. तुला शंकासुर उगाच नाही म्हणत सगळे."

शोधायचं काय त्यात? पाकिटावर खाटेचा नंबर लिहिला होता. आठ. आठ नंबरच्या खाटेवर तिचे वडील, अण्णा होते.

काकांनीही नंबर वाचला आणि चष्मा खाली ओढून ते आपल्या कामाला लागले. काल काय झालं ते त्यांना माहीत होतं. तीन दिवसांत तीनदा नळी काढली म्हणून अण्णांच्या दोन्ही हातांना गादीसारखे जाड मोजे चढवून मनगटाशी बांधले होते, आणि त्या कागदावर सही होती लेकीची. मोठे डॉक्टर म्हणाले होते, डोकं ठिकाणावर नसेल तर प्रोस्टेटचं ऑपरेशन करण्यात अर्थ नाही, पेशंट टाके ओढून काढेल. मग जन्मभर नळी घेऊन घरी न्या. उद्या चारच्या राउंडला काय ते ठरवू.

तो उद्याचा दिवस म्हणजे आज, आणि घड्याळात अडीच वाजले होते. तिने तीनही सांधे पाकिटात टाकले आणि चपला शोधायला लागली. त्या पायातच होत्या.

*

अण्णा भिंतीकडे तोंड करून पडले होते. चाळीस वर्षं लोकांच्या मोऱ्या आणि नळ दुरुस्त केलेले ते हात त्या मोज्यांत घालून पोटावर ठेवले होते. सही करताना हे कसं दिसलं नाही आपल्याला, असं वाटून तिला स्वतःचाच राग आला.

"अण्णा."

"आलीस का? आज कशावर सही करायचीये?"

बोलणं तर अगदी शुद्धीतलं होतं. रागही शुद्धीतलाच होता.

खाटेच्या पायथ्याशी कागद अडकवलेले होते. ते तिने काल वाचले होते, आज पुन्हा वाचले. सिस्टरच्या नीटस अक्षरात लिहिलं होतं: पेशंट असंबद्ध बोलतो. पाणी उलटं येतंय, पाणी उलटं येतंय, असं वारंवार म्हणतो. काल ही ओळ वाचून ती जिन्यात जाऊन रडली होती. आज मात्र ती ओळीकडे बघत उभीच राहिली. चाळीस वर्षं नळकाम केलेला माणूस पाणी उलटं येतंय म्हणतो, तेव्हा त्याला काय म्हणायचं असतं?

"सिस्टर, एका हातातला मोजा काढते मी."

"अहो मॅडम, काहीतरीच काय! तुमचीच सही आहे ना?"

"सही माझी आणि चूकही माझीच. दहा मिनिटं द्या. हवं तर इथेच उभ्या राहा."

सिस्टर कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. अठ्ठावीस खाटांचा वॉर्ड, हाताशी दोन मुली, आणि त्यात पेशंटची इंजिनिअर लेक! पण त्या थांबल्या, हे महत्त्वाचं.

मोजा निघाल्यावर अण्णांनी आधी नाक खाजवलं, पोटभर. मग तिने एक कोरा, जोडलेला सांधा त्यांच्या तळहातावर ठेवला. त्यांनी त्याकडे बघितलंही नाही. अंगठा आणि मधल्या बोटात धरला, पाव फेरा उलटा दिला, दाबला. दोन तुकडे वेगळे.

"कुणी शिकवलं तुम्हाला?"

"शिकवायचं काय त्यात? जे बसवता येतं ते काढताही येतं. पण बनवणारा माणूस वेंधळा आहे हं. एकदा काढला की परत बसतच नाही. तीनदा बसवायला गेलो आणि तीनदा पकडला गेलो, चोरासारखा."

"मुद्दाम तसा केलाय. परत बसवला तर जंतू आत जातात." मग न राहवून ती म्हणाली, "मीच बनवलाय तो."

अण्णांनी मान वळवून तिच्याकडे पहिल्यांदा नीट बघितलं.

"तू? मग बरा आहे. बारीक काम आहे."

"पण काढला कशाला?"

"खाली बस. वरून नाही दिसायचं. तुम्हा शिकलेल्या लोकांचं हेच, उंटावरून शेळ्या हाकता."

ती खरंच फरशीवर बसली. खाटेच्या कडेवरून नळी खाली आली होती, पिशवीच्याही खाली गेली होती आणि तिथून वळून पुन्हा वर चढून पिशवीत शिरली होती. खाली लोंबलेल्या भागात पिवळं पाणी साचून राहिलं होतं, हलत नव्हतं. पिशवीच्या तळाशी जेमतेम घोटभर होतं.

"पाइपला पोट आलंय," वर खाटेवरून आवाज आला. "पोटात पाणी साचतं. ते साचलं की मागचं पुढे सरकत नाही. मग ते थांबणार कुठे? माझ्यात! ओटीपोट फुटेल असं होतं. नळी उचलली तर निम्मं पाणी माघारी येतं, आणि वर या पोरी ओरडतात. म्हणून आधी वरून तोडायचं आणि मग खालचं पुढे ढकलायचं. साधी रीत आहे. मी सांगत होतो सगळ्यांना, पाणी उलटं येतंय म्हणून. तर यांनी माझे हात बांधले."

सिस्टरही खाली वाकून बघत होत्या.

लेकीने नळीवर वीत टेकवून मोजलं. मोजायची गरज नव्हती, आकडा तिला पाठ होता. बाजारातल्या नळीपेक्षा ही वीतभर लांब. तिनेच वाढवली होती. पेशंट कुशीवर वळला तर ओढ बसू नये, म्हणजे तेवढीच जास्त सुरक्षित. कारखान्यातल्या सगळ्या चाचण्या लांब टेबलावर झाल्या, नळी फूटपट्टीलगत सरळ चिकटवून. टेबलावर नळीला पोट कुठून येणार? सांधा ज्यापासून लोकांना वाचवत होता, ते तिच्याच वीतभर नळीने सुरू केलेलं होतं. निदान या खाटेवर तरी. तिला आधी हसू आलं आणि मग घाम फुटला.

"सिस्टर, चिमटा आहे का एखादा? चादरीला लावायचा."

सिस्टरनी खिशातून काढून दिला. लेकीने जास्तीची नळी गादीवरच आडवी घेतली, चिमट्याने चादरीला अडकवली आणि तिथून पिशवीपर्यंत सरळ उतार दिला. "अजून थोडा," अण्णा वरून सांगत होते. "हं. आता बघ."

पाणी निघालं. आधी बिचकत आणि मग धार लागली. पिशवी फुगायला लागली. अण्णांनी डोळे मिटले आणि असा सुस्कारा सोडला, की शेजारच्या खाटेवरच्या माणसाने मान वळवून पाहिलं.

"साडेचारशे मिली," सिस्टर पिशवीवरचे आकडे वाचत म्हणाल्या. "अगं बाई! एवढं आत होतं?" त्यांनी स्वतःच्या हाताने दुसरा मोजा सोडला.

"ही जादा लांबी कशाला ठेवली म्हणे?" अण्णांनी डोळे न उघडता विचारलं.

"मी ठेवली. तुम्हाला कुशीवर वळता यावं म्हणून."

"हं," एवढंच ते म्हणाले.

*

चारला मोठे डॉक्टर आले, मागे चार छोटे डॉक्टर. मोकळे हात बघून त्यांच्या भुवया वर गेल्या. त्यांनी वार विचारला, महिना विचारला, शंभरातून सात सात वजा करायला सांगितलं. अण्णांनी तेवीसपर्यंत न अडखळता केलं आणि म्हणाले, "पुढे जाऊ का पुरे?"

"पुरे. मग नळी का काढत होतात, तेवढं सांगा."

ती उत्तराची वाट बघत होती. आता सांगतील, अगदी नळकामाच्या भाषेत, उतारासकट. अण्णांनी डॉक्टरांकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं, तिच्या हातातल्या पाकिटाकडे बघितलं. त्या पाकिटावर तिच्या कारखान्याचं नाव होतं.

"काही नाही हो," ते म्हणाले. "उगाच. हात वळवळतात माझे. म्हातारपण! नळी चांगली आहे. सांधा तर एकदम फर्स्ट क्लास."

डॉक्टरांनी मान हलवली आणि पेन उघडलं. ते काय लिहिणार हे तिला कळलं, आणि ते अण्णांनाही कळलं होतं. ते छताकडे बघत होते. जन्मभर नळी चालेल पण पोरीचं नाव खराब व्हायला नको, असा सगळा हिशेब त्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेला होता.

"खोटं बोलतायत," ती म्हणाली. आवाज ठरवल्यापेक्षा मोठा निघाला. "नळी चुकलीये. वीतभर लांब आहे, माझ्यामुळे. खाली लोंबते, पाणी अडतं, मूत्राशय तुंबतं. त्यांनी एकदाही ओढली नाही, व्यवस्थित सोडवली. हे तीन सांधे बघा, एकाचीही काडी तुटलेली नाही. सिस्टरनी आता साडेचारशे मोजलंय."

डॉक्टरांनी सिस्टरकडे बघितलं. सिस्टरनी मान डोलावली. मग ते वाकले, पार गुडघ्यावर बसले, आणि चिमटा, उतार, पिशवी सगळं बघितलं. उठताना त्यांनी कागदावर आधी लिहिलेला अर्धा शब्द खोडला.

"मंगळवारी ऑपरेशनला घेऊ यांना," ते म्हणाले. "तुमची चाचणी मात्र आज थांबवायला लागेल."

"हो. मीच कळवते."

"काय गरज होती बोलायची?" डॉक्टर पुढे गेल्यावर अण्णा तिच्यावर खेकसले. "माझं काय, दोन-चार वर्षं! तुझी अडीच वर्षं पाण्यात घातलीस."

"तुम्ही माझ्यासाठी वेडे ठरायला निघाला होता, अण्णा."

"बापाने एवढंही करू नये का?"

तिने त्यांचा हात हातात घेतला. मोज्याची पट्टी मनगटावर रुतून लाल झाली होती, तिथे ती अंगठा फिरवत राहिली.

"सिस्टर," थोड्या वेळाने तिने विचारलं, "अजून किती जणांचे हात बांधलेत?"

"चार."

चाचणीचे कागद तिच्या खांद्यावरच्या पिशवीत होते. फॉर्म तिनेच बनवला होता. सांधा सुटण्याचं कारण, या ओळीपुढे 'भ्रम' हा शब्द छापूनच घेतला होता, दर वेळी कोण लिहीत बसणार म्हणून. ती उठली आणि शेजारच्या खाटेपाशी गेली. तिथले गृहस्थ दोन दिवसांत कुणाशी बोलले नव्हते. सिस्टरनी मोजा सोडवला, आणि ती स्टूल ओढून बसली.

"काका, तुम्ही नळी का ओढली?"

त्यांनी आधी तिच्याकडे बघितलं, मग सिस्टरकडे, मग तिच्या मागे कुणी आहे का तेही बघितलं. प्रश्न आपल्यालाच आहे याची खात्री झाल्यावर ते खाकरले.

"ती पट्टी चिकटवलीये ना मांडीला," ते हळूच म्हणाले, "तिच्याखाली फार खाज येते हो."

तिने 'भ्रम' खोडला, त्यापुढे 'खाज' लिहिलं, आणि पट्टी बघायला ती पुढे वाकली.