नव्वद सेकंद

सातवीतली एक मुलगी चार महिने पायरी पायरीने खाली उतरत होती आणि तिला उतरवणारा मीच होतो, हे मला बुधवारी दुपारी कळलं. गटांची यादी शुक्रवारी चारला जायची होती.

मी निवृत्त झालेला माणूस. गणिताच्या बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या म्हणून शाळेने मला चार महिन्यांपूर्वी, उरलेल्या वर्षासाठी परत बोलावलं. वर्गात तीस मुलं आणि तीस टॅब. टॅबमधलं अ‍ॅप प्रत्येक मुलाला त्याच्या कुवतीप्रमाणे प्रश्न देतं. उत्तर बरोबर आलं की वरची पायरी, अडलं की खालची. वर्ष संपताना तेच दोन गट पाडतं. आठवीत बीजगणित शिकायला मिळतं ते फक्त अ गटाला, आणि बीजगणित नसेल तर पुढे तांत्रिक शाळेचं दार बंद.

या मुलीला वर्गात गोगलगाय म्हणत. तीही त्या नावाला सरळ ओ द्यायची. तिची आई एका इस्पितळाच्या धुलाईघरात कामाला होती. पालकसभेत ती मला म्हणाली होती, “सर, आमच्याकडचं यंत्र बंद पडलं की ही त्याच्या पोटात डोकं घालून बसते. हिला तांत्रिकला जायचंय. जमेल ना?” मी म्हणालो होतो, “का नाही जमणार? प्रगती छान आहे.” कारण त्याच आठवड्यात मुलगी मला सांगून गेली होती, “सर, आता मला सगळं सोपं जातंय.”

बुधवारी मी कच्ची यादी उघडली तेव्हा तिचं नाव ब गटात, अगदी तळाला होतं. चूक माझ्याच चष्म्याची असेल असं आधी वाटलं. मग तिचा एकेक दिवस उघडून पाहिला. प्रत्येक प्रश्नापुढे तीच ओळ : नव्वद सेकंद हालचाल नाही, मदत दाखवली. मदत दाखवल्यानंतर बरोबर उत्तर आलं तरी त्याला अर्धाच गुण. अशी तीन उत्तरं झाली की पायरी खाली. मुलगी जवळजवळ सगळीच उत्तरं बरोबर देत होती आणि प्रत्येक बरोबर उत्तरागणिक खाली जात होती. शेवटी ती पाचवीचे प्रश्न सोडवत होती. ते सोपे जाणारच.

तिच्या वह्या मागवल्या. चार वह्या भरल्या होत्या. प्रत्येक उदाहरण मांडून, रेघ मारून, ताळा करून. मग मला आठवलं. पहिल्याच दिवशी मी वर्गाला सांगितलं होतं, “आधी वहीत, मग काचेवर.” बाकीच्यांनी आठवड्याभरात वह्या दप्तरात टाकल्या. मला ते दिसलं होतं, पण ओरडायचा धीर झाला नाही. हिने मात्र माझा शब्द पाळला. ती वहीत लिहीत असे तोवर काच स्वस्थ पडलेली असे, आणि अ‍ॅपला वाटे, पोरगी अडली.

घरी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, “उद्या सकाळी जाऊन मोठ्या बाईंना सांगा.”

“माझंच चुकत असलं तर? ती खरंच कच्ची असली तर?”

“अहो, न्हाव्याने निम्मं डोकं भादरलं तरी तुम्ही आभार मानून येता. हे डोकं तुमचं नाही. तेवढं लक्षात ठेवा.”

गुरुवारी मधल्या सुट्टीत मी मुख्याध्यापिकांच्या दारात दोनदा जाऊन परत आलो. तिसऱ्या वेळी त्यांनीच आतून हाक मारली, “सर, आत या, नाहीतर दारातच खुर्ची टाकून घ्या.”

मी सांगितलं. नीट सांगता आलं नाही, शेवट आधी आणि सुरुवात नंतर असं झालं. त्या माझ्याहून वीस वर्षांनी लहान, पण मनाने मोजून मापून चालणाऱ्या. त्यांनी वह्या चाळल्या.

“वही मला दिसते हो. संस्थेला अ‍ॅप दिसतं. उद्या तीनला तिला इथे बसवा. सातवीचे वीस प्रश्न, याच टॅबवर, माझ्यासमोर. चौदा आले की मी नाव वर घेते.”

“तिला चार महिने सातवीचं काही दिसलेलंच नाही.”

“मग आजचा दिवस आहे तुमच्याकडे.”

आजचा दिवस म्हणजे मधल्या सुट्टीतली वीस मिनिटं आणि शाळा सुटल्यावरचा दीड तास. मी मुलीला काय झालं ते सांगितलं. ती रडली नाही. वहीच्या कडेला बोट फिरवत राहिली.

“म्हणजे ते प्रश्न लहान मुलांचे होते?”

“हो.”

“मग मी आईला उगाच सांगितलं.”

मी ऋण संख्या काढल्या. गुणोत्तर तिने दहा मिनिटांत धरलं. तीनास पाच प्रमाणात चाळीस वाटायचे, तर पंधरा आणि पंचवीस, हे तिने ताळ्यासकट सांगितलं. टक्केवारीही धरली. पण उणे पाचातून आठ वजा करायचे म्हटलं की ती तीनवर येऊन थांबे. संख्यारेषेवर डावीकडे चालून तिला उणे तेरापर्यंत न्यायला अर्धा तास गेला. अक्षरांची समीकरणं राहूनच गेली.

शुक्रवारी तीनला ती मुख्याध्यापिकांच्या टेबलाच्या कोपऱ्याशी बसली. शेजारी वही, पुढे टॅब. बाहेर मुलं सुटल्याचा गलका. मी तिला हळूच सांगितलं, “वहीत लिही. पण मधूनमधून काचेला बोट लाव.”

मुख्याध्यापिकांनी मान वर केली. “हे काय शिकवताय? यंत्राला फसवायचं?”

“नाही. ती जागी आहे एवढं त्याला कळवायचं.”

मुख्याध्यापिका मुलीकडे वळल्या. “लाव बाई बोट,” त्या मुलीला म्हणाल्या.

पहिले पाच प्रश्न बरोबर आले. ती दोन ओळी लिही, काचेला बोट लावी, पुन्हा लिही. मी भिंतीवरच्या घड्याळाचा काटा मोजत होतो. सहाव्या प्रश्नात अपूर्णांकांची लांबलचक मांडणी होती. तिचं डोकं वहीत गेलं ते गेलंच. साठ सेकंद. सत्तर. मी खोकलो. मुख्याध्यापिका म्हणाल्या, “सर, पाणी हवंय का?” म्हणजे गप्प बसा. ऐंशी. मुलगी ताळा करत होती. उत्तर आलेलं होतं, वहीत मला दिसत होतं, उलटं दिसत असूनही वाचता येत होतं. टॅबवर पिवळी चौकट उघडली : मदत हवी आहे का?

मुलीने दचकून बोट लावलं आणि आधीच काढलेलं उत्तर भरलं. अर्धा गुण.

त्यानंतर ती घाबरली. बोट सारखं काचेकडे जाऊ लागलं आणि वहीतल्या ओळी तुटू लागल्या. टक्केवारीत पुन्हा एकदा पिवळी चौकट आली. मग ऋण संख्या आल्या. एक बरोबर, दोन चूक. मग अक्षरं. ती अक्षरांकडे पाहत राहिली. माझ्याकडे पाहिलं नाही, हे मला जास्त लागलं. जे कधी शिकवलंच नाही त्याचीही तिने वहीत मांडणी करून पाहिली आणि चुकीचं उत्तर अगदी नीटनेटकं भरलं.

साडेतीनला टॅबने निकाल दाखवला. तेरा बरोबर, त्यातले दोन मदतीने. गुण बारा.

“चौदा हवे होते,” मुख्याध्यापिका म्हणाल्या. आवाज कोरडा नव्हता. “जा बेटा, बाहेर बस. आई आली असेल.”

मुलगी गेली. मी टॅब पुढे ओढला. आपण बोलायला उठलो आहोत हे मला उभं राहिल्यावर कळलं.

“बाई, चुकलेले सात बघा. दोन ऋण संख्या, पाच समीकरणं. अ‍ॅपने तिला हे चार महिने दाखवलंच नाही. जे तिला दिसलं किंवा धड शिकवलं गेलं, त्यातलं एकही चुकलेलं नाही.”

“पटतंय मला. पण मला यादी पाठवायचीय, पटणं नाही. नियमात एकच वाट आहे.” त्यांनी आपला संगणक माझ्याकडे वळवला. “शिक्षकाचा शेरा. गट मान्य नसेल तर शिक्षकाने कारण लिहायचं, खाली नाव घालायचं. तो सरळ संस्थेकडे जातो. आजवर कुणी उघडलेला नाही. तुमची नेमणूक या वर्षापुरती आहे, पुढच्या वर्षाचं त्यांनी अजून ठरवलेलं नाही. विचार करून लिहा.”

पावणेचार. मी रिकाम्या चौकटीपुढे बसलो. यंत्रात दोष आहे असं लिहिलं तर ते खोटं ठरलं नसतं. पण यंत्राला माझी पद्धत कुणी सांगितली नव्हती, आणि यंत्राची पद्धत मी कधी वाचली नव्हती. चार महिने रोज तो अहवाल माझ्या टेबलावर होता. मी सगळ्यात वरचं पान पाहून मिटवत असे. बोटं कळफलकावर आणि डोक्यात काहीच नाही, असा मी किती वेळ बसलो कोण जाणे. पडद्यावर पिवळी चौकट आली : मदत हवी आहे का?

मुख्याध्यापिकांना हसू आवरेना. मलाही क्षणभर. मग मी एका बोटाने लिहिलं : मुलगी मंद नाही. तिने मी सांगितलं तसं केलं. ते अ‍ॅपला चालत नाही हे मी पाहायला हवं होतं, पाहिलं नाही. तिचे चार महिने माझ्यामुळे गेले. तिला अ गटात ठेवावं. खाली नाव घातलं.

त्यांनी वाचलं. “बोलावतील तुम्हाला.”

“हो.”

“आणि ही अट माझी. सुट्टी संपल्यावर पहिल्याच दिवशी पुन्हा वीस प्रश्न. तेव्हा चौदा आले नाहीत तर मीच तिला खाली आणणार, तुमचा शेरा असो नसो. राहिलेलं कोण भरून काढणार ते तुम्ही ठरवा.” त्यांनी नाव वरच्या यादीत घेतलं. चारला तीन मिनिटं कमी असताना यादी गेली. “आणि आईला तुम्हीच सांगा. मी नाही.”

हे मला शेऱ्यापेक्षा अवघड होतं. आई फाटकाजवळच्या बाकावर होती, कामावरचा निळा सदरा अंगावर, शेजारी मुलगी. मी सगळं सांगितलं, सुट्टीनंतरच्या वीस प्रश्नांसकट. या वेळी सुरुवात सुरुवातीला आली. शेवटी म्हणालो, “पालकसभेत मी जे बोललो ते न पाहता बोललो.”

आईच्या हातांना साबणाने चिरा पडल्या होत्या. एका अंगठ्याने ती दुसऱ्या अंगठ्यावरची चीर दाबत होती.

“मी धुलाईघरात सगळ्यांना सांगून ठेवलंय, पोरगी हुशार आहे म्हणून,” ती म्हणाली. “सर सांगतात म्हणजे खरंच असणार.”

“ती हुशारच आहे.”

“हे तुम्ही तेव्हाही म्हणाला होतात.”

मुलगी आईच्या सदऱ्याची बाही ओढत होती. घरी चल म्हणत होती की आता पुरे म्हणत होती, मला समजलं नाही. आई उठली, दप्तर स्वतःच्या खांद्यावर घेतलं. चार पावलं गेली आणि थांबली. मागे वळली तेव्हाही तिच्या चेहऱ्यावर क्षमा वगैरे काही नव्हतं.

“सुट्टीत माझी पाळी सकाळची असते,” ती म्हणाली. “हिला सातला तुमच्याकडे सोडलं तर चालेल?”