डब्यात पडलेला ठोकळा

मित्रांनो, मी एक जुना पत्र्याचा डबा आहे. माझ्यातली कॉफी हॉगनबाईंनी संपवली आणि मला घासूनपुसून अमेरिकेतल्या डुलुथ गावी आपल्या वर्गात आणलं. ज्या लहानग्यांना कमी ऐकू येतं आणि समजायलाही वेळ लागतो, त्यांना बाई ऐकायला शिकवत. मुलाने लाकडी ठोकळा गालाशी धरायचा आणि ढोलकं वाजलं की माझ्यात टाकायचा. मी खणखणायचो, सगळे टाळ्या वाजवायचे. त्या टाळ्या माझ्याचसाठी आहेत, असं मला वाटे.

चार वर्षांची सिग्ने कानांत यंत्रं घालून आली. तिचा ठोकळा कधी चुकायचाच नाही. तिची आई करीन गावभर सांगत सुटली, "माझ्या पोरीला सगळं ऐकू येतं." मीही फुशारलो.

एके दिवशी बाईंनी टिपरू उचललं आणि त्यांना शिंक आली. ढोलकं वाजलंच नाही. सिग्नेचा ठोकळा मात्र माझ्यात पडला.

बाई उठून सिग्नेच्या पाठीमागे बसल्या. त्यांनी ढोलकं वाजवलं, मग जोरात वाजवलं. ठोकळा गालाशीच राहिला.

"म्हणजे इतके दिवस..." शेजारी बसलेली करीन पुटपुटली.

"इतके दिवस ती माझा हात बघत होती. समोर बसून मीच तिला उत्तर दाखवत होते, करीन."

"मग हिला ऐकू येतच नाही का हो?"

"यंत्रातून आवाज पोचतोय, ते तपासलंय. त्या आवाजाचं करायचं काय, हे शिकायचं राहिलंय."

तेव्हापासून ढोलकं पाठीमागेच वाजू लागलं. करीनला राहवत नसे. ती हळूच सिग्नेचं कोपर ढकलायची.

"ढकलू नकोस गं. तू ढकललंस तर तू ऐकलंस, तिने नाही."

"आणि तिने टाकलाच नाही तर?"

"तर थांबायचं."

तो हिवाळा मी बहुतेक रिकामाच काढला. टाळ्या नाहीत, कौतुक नाही. मला वाईट वाटे, पण त्याहूनही करीनचा चेहरा बघवत नसे.

गावाजवळच्या सरोवरावरचा बर्फ फुटू लागला, त्या सुमाराची गोष्ट. करीन स्वतःचे हात मांडीखाली दाबून बसली होती. मागे ढोलकं हलकेच वाजलं. सिग्नेचे डोळे मोठे झाले आणि ठोकळा माझ्यात पडला. बाईंनी दुसरा ठोकळा तिच्या हाती दिला आणि मुद्दाम काहीच वाजवलं नाही. सिग्ने ठोकळा गालाशी धरून बसून राहिली. बऱ्याच वेळाने ढोलकं वाजलं, तेव्हाच तिने तो टाकला.

"बाई, ती थांबली होती," करीन म्हणाली आणि रडू लागली.

आता वर्गात प्लॅस्टिकचं भांडं आलंय. माझ्यात रंगाचे कुंचले असतात आणि तळाला गंज चढलाय. तो कुणी पुसला नाही तरी चालेल. पण मित्रांनो, एखाद्या मुलाला उत्तर द्यायला वेळ लागला, तर त्याचं कोपर ढकलू नका. मी रिकामा बसलो होतो, तेव्हाच सिग्ने ऐकायला शिकत होती.