शून्य खोडलं

पोर्ट ॲडलेडला ट्रेवचं बोटयार्ड आहे. माझी मम, रेलीन, तिथे भाव काढते. शाळा सोडल्यापासून मी तिथेच वेल्डिंग करते. नौदलाच्या सहा गस्ती बोटींच्या टेंडरमध्ये शेवटी आमचं आणि आणखी एका यार्डाचं नाव उरलं, तसा ट्रेव हवेतच गेला.

टेंडरच्या फॉर्ममध्ये एक रकाना असतो: किमतीतला किती हिस्सा परदेशी चलनाचा. तो भरला की आपला ऑस्ट्रेलियन डॉलर पडला तर फरक सरकार सोसतं, चढला तर वाचलेले पैसेही सरकारचेच. ट्रेवने तिथे शून्य टाकलं. इंजिनं येणार जर्मनीहून, पण बसवणार आम्ही, म्हणून म्हणे बोट शंभर टक्के ऑस्ट्रेलियन!

मम म्हणाली, इंजिनांचे पैसे दीड वर्षाने युरोत द्यायचेत. तोवर डॉलर घसरला तर नफा गेला आणि आपण अकराही जण घरी. ट्रेव म्हणाला, तू हवामानखात्यात जा.

मंगळवारी नौदलाच्या खरेदीखात्याचा कीथ तो फॉर्म घेऊन शेवटच्या सहीसाठी आला. दहाच्या चहाला आमच्याकडे मालकासकट सगळे उलट्या क्रेटवर बसतात, तिथलं बोलणं सगळ्यांचं असतं. लॅमिंग्टन केक खात कीथ म्हणाला, शून्य बघून साहेब खूश आहेत, बजेट हलत नाही.

ममने फॉर्म उचलला, शून्य खोडलं, चौतीस टक्के युरो लिहिलं.

"रेलीन, मालक मी आहे."

"सही तुझी, ट्रेव. भाव माझा."

कीथने सुचवलं की दुसऱ्या यार्डाचे लोक एवढी कटकट करत नाहीत. माझं डोकंच सटकलं.

"मग त्यांनाच दे. डॉलर पडल्यावर अर्ध्या बोटी टाकून ते पळाले की तू पोहत गस्त घाल."

फिटर कोल्मच्या नाकातून चहा आला. कीथ हसला नाही. मम त्याला शांतपणे म्हणाली, "तुझ्यामागे अख्खा देश आहे, कीथ. आमच्यामागे ही पत्र्याची शेड. डॉलरवरचा जुगार आम्ही खेळणार नाही."

"काम हातचं जाईल," कीथ म्हणाला.

"जाऊ दे."

ट्रेवने आमच्या सगळ्यांच्या तोंडांकडे पाहिलं. कोणीच मान खाली घातली नाही. शेवटी त्याने खोडलेल्या शून्याशेजारी सही ठोकली, पेन लांब भिरकावलं.

नौदलाचं उत्तर अजून आलेलं नाही. दोन दिवस ट्रेव ममशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी कोळंबीवाल्यांची एक बोट दुरुस्तीला आली. भाव काढायला त्याने तिलाच हाक मारली.