फोटो आला की मेंढी कापायची

कासिमअलीच्या घराण्यात एक पद्धत होती. बिश्केकहून गावाकडे कुणीही निघालं की वाटेत जागोजागचे फोटो घरच्या ग्रुपवर टाकायचे. हौस म्हणून नाही, स्वयंपाकासाठी. बोगद्याचा फोटो आला की मेंढी कापायची. सुसामिरच्या पठाराचा आला की कढईखाली जाळ. धरणाचं पाणी दिसलं की पोरींनी पीठ मळायला घ्यायचं. म्हणजे पाहुणा दारात उतरतो तेव्हा मांस नेमकं हाडापासून सुटायला आलेलं असतं. यात कधी चूक झाली नव्हती, कारण आजवर कुणी खोटा फोटो टाकला नव्हता.

तो मान एसेननं मिळवला.

एसेन कासिमअलीचा थोरला. बाप जाऊन वर्ष होत आलं होतं आणि परवा त्याचं आश होतं, म्हणजे पंचक्रोशीला वर्षाचं जेवण. थोरला समोर उभा नसेल तर आशच्या घोडीला कुणी सुरी लावत नाही. बायको नाझिक पोरांना घेऊन आठवड्यापूर्वीच गावी गेली होती. एसेननं आज सकाळी एकट्यानं गाडी काढायची होती. सकाळ झाली, गाडी अंगणात उभी राहिली, आणि एसेन स्वयंपाकघरात तिसरा चहा पीत बसला.

त्याला त्या शेजारच्या सीटची भीती वाटत होती.

गेल्या वर्षी, याच दिवसांत, त्या सीटवर बाप होता. दवाखान्यातून गावी चालला होता. सुसामिरला घोड्यांचा कळप रस्त्याच्या कडेला आला, तशी एसेननं गाडी थांबवली आणि घोड्यांसमोर स्वतःचा एक झकास फोटो काढला. बाप आतून म्हणाला, "थांब रे, मीपण येतो. एक माझाही काढ, तुझ्या आईला पाठव." पण म्हाताऱ्याच्या बोटांना पट्ट्याचं ते बटण काही दबेना. तो खटपट करेपर्यंत एसेन परत येऊन बसलाही. "येताना काढू, आता." आता म्हणजे त्यांच्या बोलीत बाप. येताना आता नव्हते. दोन आठवड्यांत गेले. मातीला एसेन भावकीच्या गाडीतून गेला आला, डोक्यावर कोट ओढून. त्या पठारावर त्यानं डोळे उघडलेच नाहीत.

वर्षभर आई फोनवर एकच विचारत होती, "एवढा रस्ता बापलेक बरोबर आलात, एक फोटो नाही त्यांचा? पासपोर्टवरचा आहे, त्यात ते मेंढ्या चोरल्यासारखे दिसतात."

तर एसेनचा बेत असा होता. गेल्या वर्षीचेच फोटो एकेक करून टाकायचे, घाट चढलो असं भासवायचं, मग गाडी बंद पडली म्हणून कळवायचं आणि परत फिरल्यासारखं करायचं. त्यानं बोगद्याच्या तोंडाचा जुना फोटो टाकला. 'चढलो.'

क्षणात शामेन आबांचा आवाज आला. हे कासिमअलीचे धाकटे भाऊ, लिहायचे नाहीत, बोलून पाठवायचे. आधी खोकला, मग वारा, मग, "शाबास! मेंढी आडवी केली बघ!" मागे मेंढीचा आवाज होता, तो मध्येच तुटला.

एसेनला चहा कडू लागला. तरी त्यानं दुसरा टाकला. घोड्यांसमोरचा.

कलिपा एजे म्हणजे बापाची बहीण. तिचा कुठलाही निरोप गुलाबाच्या फुलांशिवाय येत नसे. ह्या वेळी गुलाब नव्हते.

'मागे गाडीत कोण बसलंय?'

सगळ्या खानदानानं बोटं लावून फोटो ताणला. गाडीच्या काचेआड उंच पांढरी टोपी दिसत होती, आणि तिच्याखाली मान वाकवून मांडीपाशी काहीतरी शोधणारा म्हातारा.

'कासिम आहे तो. माझ्या हातची टोपी मी ओळखणार नाही? अगं बाई, किती वाळलाय!'

'आशला येतायत,' शामेन आबा म्हणाले, आणि पहिल्यांदाच त्यांना खोकला आला नाही. 'स्वतःच्या आशला स्वतः येतायत. बसायला कुठे द्यायचं?'

'वरच्या अंगाला, मानाच्या जागी,' कलिपानं लिहिलं. 'अजून कुठे?'

'तिथे मुल्ला बसतो.'

'मुल्ला सरकेल! त्याला काय, तो जिवंत आहे!'

मग तळण सुरू झालं. मेलेलं माणूस दिसलं, नुसतं स्वप्नात आलं, तरी तेलात पीठ सोडायचं. तेलाचा वास त्यांच्यापर्यंत जातो आणि तेवढ्यावर त्यांचं भागतं. आईनं गावी बोर्सोक तळायला घेतले. कलिपानं तिच्या घरी घेतले. मॉस्कोत, मजुरांच्या वसतिगृहात, चुलतभाऊ नुर्दिननं तवा ठेवला. थोड्याच वेळात त्याचा फोटो आला: वसतिगृहाचे सगळे ताजिक, उझबेक आणि दोन अग्निशामक बंब अंगणात, मधोमध नुर्दिन, हातात ताट. 'एसेन आके, भोंगा वाजला, इमारत रिकामी केली. पण वास गेला का ते विचारा त्यांना.'

एसेन ते बघून हसला नाही. काचेआडच्या त्या म्हाताऱ्याचे हात त्याला आता पहिल्यांदा दिसत होते. वर्षभर हा फोटो त्याच्याच फोनमध्ये होता. त्यानं स्वतःच्या तोंडापलीकडे कधी बघितलंच नव्हतं.

खरं सांगायला त्यानं दोनदा बोट उचललं. तेवढ्यात आईचा आवाज आला. "एसेन, त्यांना सावकाश आण. उशीर झाला तर होऊ दे. आणि हे बघ, थांब म्हणाले तर थांब."

आणि त्याखाली, ग्रुपवर नाही, फक्त त्याला, नाझिकचा निरोप: 'फोटोतला तुमचा तो निळा शर्ट जानेवारीत फाटला. मी आत्ता त्यानंच फरशी पुसतेय. मेंढी मेलीय, तुमची आई नवी साडेतीन हाताची चादर अंथरतेय. मी कुणाला काही बोलले नाही. निघा.'

एसेन निघाला.

कारा-बाल्टाच्या पुढे फोन विझला. चार्जर नाझिकच्या पिशवीत, गावी. त्यानं तो मेलेला फोन शेजारच्या सीटवर टाकला, आणि घाट लागायच्या आत गाडी ओरडायला लागली. टिंग, टिंग, टिंग. शेजारी बसलेल्यानं पट्टा लावला नसला की ओरडते तशी.

शेजारी फोन होता. फोनचं वजन ते किती!

एसेननं फोन उचलून खिशात घातला. टिंग, टिंग. सीटवर थाप मारली. मग एक मोठी थाप मारली आणि लगेच, कुणाला लागलं तर, म्हणून हात मागे घेतला. गाडी तशीच ओरडत असताना तो बोगद्यात शिरला. आत दिवे अर्धे बंद, धूर, पुढे एक कोळशाचा ट्रक, आणि बोगद्यात तो आवाज दहापट. टिंग, टिंग, टिंग. त्याला वेड लागायची वेळ आली. शेवटी त्यानं एका हातानं तो पट्टा ओढला आणि रिकाम्या सीटवरून आणून लावला.

गाडी गप्प झाली.

पट्टा सीटला चिकटून बसायला हवा होता. तो पोटावरून आल्यासारखा, जरा पुढे, फुगून राहिला. एसेननं पुन्हा तिकडे पाहिलं नाही.

बोगद्यापलीकडे उजेड आणि पठार. घोडे होते, रस्त्याच्या कडेलाच. त्यानं गाडी थांबवली. कुणी थांब म्हणालं नव्हतं, तरी थांबवली. उतरला, फिरून शेजारच्या दाराशी आला, दार उघडलं, आणि बटणावर बोट ठेवून बराच वेळ उभा राहिला. ते दाबायचं धाडस काही झालं नाही. उतरायला कुणी नसतं तर? आणि कुणी असतं तर?

कुरुत, म्हणजे वाळवलेल्या दह्याचे गोळे, विकणारी बाई टपरीतून ओरडली, "ए भाऊ, कुणाला गाडी लागली का? खारट गोळा दे चघळायला!"

एसेननं पिशवीभर कुरुत घेतला. पट्ट्यापलीकडे, सीटवर ठेवला. मग विझलेला फोन काढून घोड्यांच्या बाजूला धरला आणि काळ्या काचेवर बोट दाबलं. "चार्जिंग नाही, आता," तो म्हणाला. "नाहीतर काढला असता." आणि तिथून धरणापर्यंत तो गाडी चालवत रडला, पोरासारखा, नाक वाहू देत, कारण बघायला कोण होतं!

गावात पोचला तेव्हा ऊन कलत होतं. फाटकाशी अख्खं घराणं उभं. मांस केव्हाच हाडं सोडून रश्श्यात विरघळलं होतं. मुल्ला एका कडेला, खरंच, सरकून बसला होता.

"माफ करा," एसेन म्हणाला. "वाटेत फोन बंद पडला. पुढचे फोटो—"

"आले की," शामेन आबा म्हणाले.

"कुठले?"

नाझिकचा चेहरा पिठासारखा झाला होता. तिनं स्वतःचा फोन पुढे केला. एसेनच्या नावानं आलेला एकच फोटो. गाडीच्या आतला, शेजारच्या सीटवरून काढलेला. आज सकाळी अंगावर चढवलेला तपकिरी स्वेटर, सुकाणूवर हात, नाक वाहतंय, डोळे लाल, काचेपलीकडे धरण. आणि फोटोचा डावा कोपरा सगळा झाकून टाकणारा, जाडजूड, मधोमध चिरलेल्या काळ्या नखाचा एक अंगठा.

तो अंगठा ओळखायला कुणाला बोट लावून ताणावं लागलं नाही. घराण्यातल्या प्रत्येक लग्नात कुणीतरी कासिमअलीच्या हातात फोन देई, आणि प्रत्येक लग्नाच्या प्रत्येक फोटोत नवरीच्या शेजारी तो अंगठा उभा असे. घोड्याला नाल ठोकताना चिरला होता, तीस वर्षांपूर्वी.

आईनं फोन हातात घेतला. नवऱ्याच्या नखावरून बोट फिरवलं. फोटो हलला, परत जागेवर आला.

"बघ," ती म्हणाली, "कितीदा सांगितलं, बोट बाजूला धरा. ऐकतील तर शपथ." मग डोक्यावरच्या रुमालाचं टोक डोळ्यांना लावून म्हणाली, "असू दे. अंगठा तर अंगठा. मेंढीचोरापेक्षा बरा."

ती गाडीपाशी गेली आणि शेजारचं दार उघडलं. आत वाकली. घरातून तळलेल्या तेलाचा वास येत होता, अंगणभर.

"एसेन," तिनं मागे न बघता हाक मारली, "इकडे ये जरा. पट्टा काढ त्यांचा. त्यांना काही ते बटण जमत नाही."

एसेन गेला. बोट ठेवलं आणि दाबलं. खट झालं. पट्टा सुटला, पण एरवीसारखा सर्रकन वर गेला नाही. म्हातारं माणूस खांदा सोडवत, गुडघ्यावर हात टेकत उतरतं, तसा थोडा थोडा गेला.