भिंतीच्या वरल्या अंगाला

दोंडाईचाजवळच्या आपल्या माहेरच्या गावी पाण्यासाठी घेतलेल्या दोन्ही बोअर कोरड्या गेल्याचं हेमलताला आईनं फोनवर सांगितलं. हेमलता धुळ्याच्या कॉलेजात भूशास्त्र शिकवायची. त्याच संध्याकाळी तिनं गावच्या शिवाराचं, गेल्या उन्हाळ्यात घेतलेलं उपग्रहचित्र संगणकावर उघडलं.

अशा चित्रात हिरवळ लाल दिसते. डोळ्यांना न दिसणारे काही किरण ताजी पानं परतवून लावतात, उपग्रह ते टिपतो आणि आपल्याला कळावं म्हणून त्यांना लाल रंग दिलेला असतो. गावाच्या वरच्या बाजूला, डोंगराकडे, लाल ठिपके होते. गावाकडे येता येता ते एकदम संपत होते, तेही पट्टी लावून कापल्यासारखे सरळ रेषेत. तीच रेषा पुढं डोंगरावर चढून काळ्या कण्यासारखी उठून दिसत होती.

हेमलताला राहवेना. रविवारी ती गावी गेली आणि सरपंच लताबाईंना घेऊन तिनं ती रेषा पायी तुडवली. डोंगरावर काळ्या दगडाची नैसर्गिक भिंतच उभी होती. लहानपणी ती याच भिंतीवर चढून बसायची. तिनं लताबाईंना समजावलं की लाव्हाचे थर थंड झाल्यावर त्यांना भेगा पडल्या, खालून पुन्हा लाव्हा त्या भेगांत घुसला आणि तिथंच गोठला. त्याला डाइक म्हणतात. शेतात ही भिंत मातीखाली दडलेली असली तरी उतारावरून झिरपत येणारं पाणी तिला अडतं. गावानं दोन्ही बोअर भिंतीच्या खालच्या अंगाला घेतल्या होत्या.

वरच्या अंगाचं शेत भाईदास आबांचं. त्यांच्या बांधावर निंबाची झाडं हिरवीगार होती आणि तिथं कुणी थेंबभर पाणी देत नव्हतं. चित्रातले लाल ठिपके ते हेच. पण आपल्या शेतात गावाचा राबता होणार म्हणून आबा तयार नव्हते. लताबाईंनी बांधाकडेनं वेगळी वाट काढून द्यायचं कबूल केलं, तेव्हा ते जरा सैलावले. तरी त्यांनी हेमलताला विचारलंच, "पोरी, हाऊ फोटो आभायमाईन काढेल शे. जमिनना पोटमां काय शे, ते त्याले कसं दिसस?"

"दिसत नही, आबा," ती म्हणाली. "फोटोले फक्त वरलं दिसस. पोटमानं आपले वळखनं पडस."

हे उत्तर आबांना पटलं असावं. त्यांनी जागा दिली आणि हेमलतानं चित्रातल्या रेषेवरून तिथं बोअरची खूण केली.

बोअरची गाडी आली तेव्हा सारा गाव बांधावर जमला होता. आधी माती निघाली, मग मुरूम. त्यानंतर यंत्राचा आवाज बदलला, गती मंदावली आणि पिठासारखी काळी भुकटी उडू लागली. ओलीचं नाव नाही. गाडीवाल्यानं यंत्र थांबवलं आणि खाली नुसता कातळ आहे, ही जागाही गेली, असं सांगून टाकलं. लोक उठू लागले. लताबाईंचा चेहरा उतरला.

हेमलतानं भुकटी तळहातावर घेतली आणि बोटांनी चोळून पाहिली. गावाखालचा सगळा दगड मऊ, भोकाभोकांचा होता. हा मात्र दाट, बारीक कणांचा आणि एकसारखा काळा. आपली चूक काय झाली ते तिच्या लगेच ध्यानात आलं आणि भीती वाटायच्या ऐवजी तिला हायसं वाटलं. उपग्रहाचं चित्र बारीक चौकटींचं बनलेलं असतं आणि तिच्याकडच्या चित्रातली एकेक चौकट जमिनीवर चांगल्या मोठ्या खोलीएवढी होती. त्याहून बारीक काही त्यात दिसणं शक्यच नव्हतं. बोअर थेट भिंतीच्या माथ्यावर बसली होती.

"आबा, भिंत सापडली," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "माझी खूण थोडी चुकली. गाडी डोंगराकडे सरकवू."

गाडीवाल्यानं आबांकडे पाहिलं. शेत त्यांचं होतं, नाही म्हणायचा अधिकारही त्यांचाच. आबांनी ती काळी भुकटी चिमटीत घेऊन पाहिली. मग त्यांनी हेमलताला, पाणी लागेलच का, एवढंच विचारलं. किती लागेल ते सांगता येणार नाही, पण अडलेलं पाणी असेल तर ते इथंच असेल, असं ती म्हणाली. आबांनी गाडीवाल्याला हातानंच खूण केली.

या वेळी मुरूम संपल्यावर मऊ दगड लागला. भुकटी आधी तांबूस, मग ओलसर झाली आणि पाहता पाहता तिचा चिखल झाला. मग पाण्याचा फवारा असा उसळला की पुढं उभे असलेले सगळे नखशिखांत भिजले. लताबाई पदरानं तोंड पुसत हसत सुटल्या. हेमलता मात्र गडबडली नाही. तिनं पाण्याला जोर टिकून आहे का ते बराच वेळ पाहिलं आणि मगच आईला फोन लावला.

उन्हाळा तोंडावर होता, पण गावाच्या टाकीत आता पाणी पडत होतं. भाईदास आबांनी हेमलताला ती रेषा पुढं कुठवर जाते ते विचारून घेतलं. ती त्यांच्या मेव्हण्याच्या गावातून जात होती. त्यांनी तिथल्या तिथं मेव्हण्याला फोन लावला आणि थांबायला बजावलं, "आमनी हेमा येस तवलोंग बोअर लेवानी नही."