तिसऱ्या खुर्चीवरचा भाचा

मोहरीचा डाग. शर्टाच्या पांढऱ्या बाहीच्या कडेवर, मनगटाच्या हाडाशी, मसुराएवढा... आणि त्या डागासकट तो हात सफाईनं पत्ते पिसत होता. ट्राउगॉटला बरं वाटलं. निदान खाताना तरी सांडतो हा माणूस. मग लगेच स्वतःची कीव आली – सॉसेजवरच्या मोहरीच्या चटणीत समाधान शोधायचं, म्हणजे आपल्या तिरस्कारालाही आता दात उरले नाहीत.

हात क्नूट हासेलबाखचा. प्रांताच्या विधानसभेतला आमदार, आणि ट्राउगॉटच्या पत्त्यांतल्या जुन्या सोबत्याचा, लुडगरचा भाचा. रविवारी बाजारचौकात माइक धरून तो म्हणाला होता, की ज्या लोकांना सारखी फुटपाथवरची नावं वाचायला लावतात त्यांची मान कायमची वाकते, तेव्हा ती पितळी नावं एकदाची उखडून टाकावीत. ज्या घरांतून ज्यू माणसं नेली आणि परत आली नाहीत, त्या घरांसमोर फरशीत बसवलेली नावं. दोन ट्राउगॉटच्या दारासमोर आहेत. बायको होती तोवर ती दर नोव्हेंबरात गुडघे टेकून ती घासायची, आता तो घासतो. ओरड झाल्यावर क्नूट म्हणाला, मी कण्याच्या आरोग्याबद्दल बोलत होतो. कण्याच्या! आणि त्यानंतर तो दुखावलाही गेला. लोकांच्या दारात घाण करायची आणि वर वासाची तक्रार करायची – एवढीच अक्कल, ती जाकिटासारखी झटकून घातलेली, आणि तिच्यावर हा एवढा मोठा माणूस उभा...

सकाळी दाढी करताना ट्राउगॉटनं वाक्य घोकलं होतं. 'तू हे असंच बोलत राहणार असशील, तर मी ह्या टेबलाशी बसणार नाही.' साधं वाक्य. पण जन्मभर वाचनालयात कुजबुजत पुस्तकं दिली-घेतली, त्या घशातून ते बाहेर काढायचं... आणि स्काट हा पत्त्यांचा खेळ तिघांशिवाय होत नाही. एकानं एकट्यानं डाव घ्यायचा, दोघांनी मिळून त्याला पाडायचं. तिसरा भिडू एवाल्ड गेल्यावर रिकामी झालेली खुर्ची लुडगरनं भाच्यानं भरली होती. गुरुवारची ही दुपार सोडली तर आठवड्यात उरतं काय – दवाखाना, आणि रेडिओवरचं हवामान.

"बोली लावताय ना, ग्रंथपालसाहेब?" क्नूट म्हणाला. "की अजून प्रस्तावनाच चाललीय?"

"त्याला विचार करू दे रे," लुडगर म्हणाला. "तू रविवारी केला असतास, तर माझ्या बहिणीकडे बघून शेजारणींनी तोंडं फिरवली नसती."

"मामा, तू तिथं नव्हतास. मागचं-पुढचं ऐकलंस का?"

"मी इंजिन चालवायचो, बाळा. धडक दिल्यावर मागचं-पुढचं कुणी विचारत नाही."

क्नूट हसला. खरंच हसला, डोळ्यांनीसुद्धा.

आत्ता. आत्ताच. वाक्य घशाशी आलं, "क्नूट, तू..." इथवर ट्राउगॉट बोललाही, पण क्नूटनं डाव एकट्यानं घेतला होता, घंटीचा एक्का – ह्या पत्त्यांत चौकटऐवजी घंटी असते – टेबलावर पडला होता आणि दोघंही ट्राउगॉटच्या पानाची वाट बघत होते. त्यानं गुलाम आपटला. गुलाम म्हणजे हुकूमच, एक्का खाल्ला. वाक्याचा सगळा जोर त्या पानात गेला – आणि मग हातातल्या राजामागे चिकटलेली घंटीची सत्ती दिसली.

रंग असून हुकूम मारला होता. टाकलेलं पान उचलता येत नाही, डाव गेला. कान तापले.

"माझ्याकडे घंटी होती," तो म्हणाला.

"शाब्बास," लुडगर म्हणाला. "मला घेऊन बुडालास. चष्मा काय शोभेला आहे?"

"उचला ते," क्नूट हळूच म्हणाला. "उचला हो. आपण काय कोर्टात बसलोय? मनात नसतं, हातून निसटतं माणसाच्या."

"नियम आहे..."

"असू दे. मामा, तुझी हरकत?"

"माझी कसली हरकत? जिंकलेला डाव तू सोडतोयस."

राहू दे, हरलो मी – एवढंच म्हणायचं होतं. एक डाव, दुसरं काय जाणार होतं? ट्राउगॉटनं आपल्या हाताकडे पाहिलं. तो गुलाम उचलत होता. मग तिथं सत्ती ठेवत होता. पुढे त्याच गुलामानं क्नूटचा मोठा हात मारला, डाव पाडला, आणि लुडगरनं त्याच्या पाठीत थाप घातली.

"बघा," क्नूट पत्ते गोळा करत म्हणाला, "चांगुलपणा मला परवडत नाही."

ट्राउगॉट हसला. हसू ओठांवर असतानाच त्यानं आत चाचपून पाहिलं. तिरस्कार होता, जागच्या जागी होता; पण हात लावल्यावर दुसऱ्याच कुणाच्या तरी कोटासारखा लागला. आणि त्याच्या बाजूनं एक विचार, न बोलावता, आत येऊन बसला – तसा माणूस वाईट नाही. कुणाचा हा विचार? माझा? मी हे म्हणालो? चौकात टाळ्या वाजवणाऱ्यांतल्या प्रत्येकाला केव्हातरी असंच कुणीतरी पान उचलू दिलं असेल... आणि त्यांनाही असंच, छातीत, थोडं ऊबदार वाटलं असेल. ऊबच होती ती. ती जावी म्हणून तो थांबला. लुडगर पत्ते वाटायला लागला तरी ती गेली नव्हती.